आदल्या दिवशीचं सारवण

सोनूकाकू हे बोलल्या तेव्हा आमचा ऑटो स्टेशन रोडवर एका बियाण्याच्या दुकानासमोर अडकला होता. सव्वाअकरा झाले होते आणि बारा वाजता माझ्या विद्यार्थिनीची, अंबरीनची, पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. पुढे ट्रकमधून पोती उतरत होती, मागून मोटरसायकलवाले हॉर्नवर अंगठा दाबून बसले होते, एप्रिलचं ऊन ऑटोच्या टपावरून आत झिरपत होतं. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको, केदारखेड्यात आमच्या दाराला लागून दार. पंचाहत्तरी ओलांडलेली, महिन्यापूर्वी मोतीबिंदू काढलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. डॉक्टरांनी चार वाजता बोलावलं होतं, म्हणून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. त्यांना घरी सोडायला वेळ नव्हता, तेव्हा मी स्टँडवरून थेट कॉलेजात घेऊन निघाले होते. "आता बरं हाय बाई," त्या पिशवी मांडीवर घेत म्हणाल्या, "माझ्या भागवतानं घरात फरशी बसवली. न्हाईतर तुझ्यापायी कमरेचा काटा ढिला झाल्ता माझा." माझ्यापायी कसा, मी विचारलं. लक्ष घड्याळाकडे होतं, उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. "मंग? तू येणार म्हणलं की तुझी माय आदल्या दिशी दारोदार सांगत यायची. माझी कौसा उद्या येऊन राह्यली, घरं बघणार हाय. मंग काय, अकराच्या अकरा घरच्या बाया सांजच्याला सारवाय बसायचो. कोपऱ्याकोपऱ्यातून. दर उन्हाळ्याला." आणि त्या हसल्या. मीही हसले. ट्रक हलला, ऑटो निघाला, आणि पुढच्या चौकापर्यंत पोहोचलो तेव्हा मी बोटांवर उन्हाळे मोजत होते.

मी पिसवांवर काम करते. अठ्ठावीस वर्षं. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की त्यानंतर माणसाच्या तोंडावर काय येतं ते मला पाठ आहे. आधी हसू, मग नकळत स्वतःचा दंड खाजवणं. कॉलेजात मला पिसवावाली मॅडम म्हणतात, तोंडावर नाही, पण जिन्यात ऐकू येतं. माझी आई गावात सांगायची की पोरगी जनावरांची डॉक्टर आहे. मी एकदा रागावून म्हणाले होते, आई, मी डॉक्टर आहे पण जनावरांची नाही, किड्यांची. ती म्हणाली, किडे काय माणसं हायेत व्हय. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत उंदीर ठेवायची परवानगी नव्हती, तेव्हा पिसवांच्या काचेच्या नळीचं तोंड डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला उपडं धरून मी त्यांना जेवू घालायचे. रोज दहा मिनिटं. लग्न ठरवायला आलेल्या एका बाईनं ते लाल ठिपके बघितले आणि ती चहा न पिता उठून गेली. आईनं आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. मला मात्र त्या बाईचे आभार मानावेसे वाटले, कारण त्याच आठवड्यात माझ्या पिसवांनी अंडी घातली होती. पिसूची मादी रक्त प्यायल्याशिवाय अंडी धरत नाही, आणि ते रक्त माझं होतं. कोणाला सांगितलं नाही, पण मला फार आनंद झाला होता.

पिसू अंगावर राहते, तिची अळी जमिनीवर. माणसांना हे माहीत नसतं. अळी अंगणात, घरात, कोपऱ्यातल्या धुळीत वाढते, दोऱ्याच्या तुकड्याएवढी, पांढरट, आणि तिचा सगळा जीव ओलाव्यावर. हवा कोरडी पडली की ती एका दिवसात वाळून जाते. मग ती कोष विणते, त्याला धूळ चिकटवते, आणि मातीच्या खड्यासारखी होऊन आत बसून राहते. महिना, दोन महिने, कधी त्याहून जास्त. जमीन हादरली, कोणाचा ऊन श्वास जवळ आला, की क्षणात बाहेर. बंद घर उघडून आत पाऊल टाकलं की पिंडऱ्यांवर पिसवा चढतात त्या ह्या. हे सगळं जगाला ठाऊक होतं. मी त्यात एक गोष्ट घातली. केदारखेड्याच्या मातीच्या घरांतून मी अकरा उन्हाळे जमिनीची धूळ गोळा केली, ब्रशनं, चमच्यानं, हातभर चौकोन आखून. ती धूळ चाळणीवर पसरून वर दिवा लावला की अळ्या उष्णतेपासून पळत खाली बाटलीत पडतात. पावसाळ्यात, हिवाळ्यात बाटल्या भरायच्या. उन्हाळ्यात एकही अळी नाही. अकरा घरं, अकरा उन्हाळे, शून्य. फक्त भिंतीच्या कडेला, फटीत दाभण घालून खरवडलं की कोष. मी म्हटलं की ही इथली पिसू वेगळी आहे. हवा कोरडी पडायच्या आधीच हिच्या अळीच्या शरीराला कळतं, ती वाढ आवरती घेते आणि कोषात शिरते. मी त्याला उन्हाळी थांबा म्हटलं. परदेशातल्या मासिकात छापून आलं. माझं नाव माझ्या पिसवांमुळे झालं, आणि ते नाव त्या शून्यावर उभं होतं.

ऑटो उड्डाणपुलाच्या कडेनं वळला. काकू बाहेर बघत होत्या, काळ्या चष्म्यातून नवीन जालना कसं दिसत असेल कोण जाणे. मी मनातल्या मनात लेखाचं चौथं पान उलगडलं. ते पान मला तोंडपाठ आहे. त्यात मी स्वतः लिहिलं आहे की सारवणाचा परिणाम मी मोजला. शेणानं सारवल्यावर दुसऱ्या दिवशी जमिनीवर अळी सापडत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पुन्हा पहिल्यासारख्या सापडतात. म्हणून मी प्रत्येक बाईला विचारलं होतं, सारवणं कधी करता. छापील तक्ता होता, त्यात रकाना होता. सगळ्यांनी सांगितलं, सोमवारी. मी मुद्दाम गुरुवारी पोहोचून त्याच दिवशी सगळी धूळ गोळा करायचे. किती हुशार मी. सोमवारचं सारवण त्या मला सांगत होत्या, बुधवारच्या संध्याकाळचं सांगत नव्हत्या, कारण पाहुण्याला कोणी सांगतं का की बाई, तू येणार म्हणून आम्ही घर सारवलं? आपण सांगतो का? घरी कोणी आलं की आपण म्हणतो, काही नाही हो, सगळा पसारा पडलाय. आणि पावसाळ्यात, हिवाळ्यात कॉलेजची जीप ज्या दिवशी मोकळी असेल त्या दिवशी मी जायचे, कोणाला न कळवता, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. उन्हाळ्यात मात्र सुट्टी. उन्हाळ्यात मी आईकडे राहायला जायचे, आठवडाभर आधी कळवून. आधी पत्र, मग किराणा दुकानातल्या फोनवर निरोप. सारा ऋतूंचा फरक तेवढाच होता, मी कळवून आले का न कळवता.

आणि वास. हे मला सगळ्यात जास्त लागलं. राजूर मागे टाकलं, गणपतीच्या देवळापुढची नारळाची दुकानं संपली, आणि केदारखेड्यात आमच्या गल्लीत शिरलं की तो वास यायचा. ओल्या शेणाचा, मातीचा, गार. मी चपला काढून उंबऱ्यात उभी राहायचे आणि तळव्यांना तो गारवा लागायचा, एप्रिल महिन्यात, बाहेर जीव भाजत असताना. मला वाटायचं, माहेर असं असतं. घरोघरी तोच वास, तोच गारवा, आणि मी गुडघ्यावर बसून चौकोन आखायचे. मी त्याच गावची पोर. दहाव्या वर्षापासून आईबरोबर सारवलेलं आहे, कालचं सारवण आणि तीन दिवसांचं सारवण मला डोळे मिटून ओळखता यावं. कालच्यावर बोटांचे अर्धगोल ताजे असतात, पाय टाकला की किंचित चिकटतं. ते सगळं माझ्या नाकाला, माझ्या पायांना कळत होतं. शास्त्रज्ञ कौसल्येनं ते लिहिलं नाही, कारण लेक कौसल्या ते हुंगत उभी होती.

आईचा राग आला. मरून सात वर्षं झाली तिला, आणि भर उन्हात ऑटोत बसून मला तिचा असा राग आला की कान तापले. तिला काय गरज होती दारोदार फिरायची? मग हळूहळू कळलं काय गरज होती ती. तिची पोरगी दुसऱ्या बायांच्या घरात घुसून, गुडघ्यावर बसून, पिसवा शोधणार. एखाद्या घरात निघाल्या तर त्या बाईची लाज जाणार, आणि ती जाणार आपल्या पोरीच्या हातून. आईनं मला वाचवलं आणि त्यांनाही वाचवलं. ती मला म्हणायची, सापडल्या का गं? मी म्हणायचे, नाही आई, एकही नाही, कमाल आहे. तिचा चेहरा उजळायचा. मला वाटायचं तिला माझ्या कामात रस वाटायला लागला.

एक घर सोडून. चाँदबीचं. नाल्यापलीकडे, गल्लीच्या बाहेर, तक्त्यात बारावं. तिथं प्रत्येक उन्हाळ्यात अळ्या सापडायच्या. चाँदबी दारात हसत उभी असायची, या म्हणायची, चहा टाकायची, आणि तिच्या जमिनीतून माझ्या बाटलीत वीस-वीस, तीस-तीस अळ्या पडायच्या. तिच्या घरात दोन शेळ्या बांधलेल्या असत. मी लिहिलं, जनावरांमुळे ओलावा, हे घर वगळलं. शेळ्या तर आमच्या सोनूकाकूंकडेही होत्या. चार वर्षांपूर्वी अंबरीन माझ्याकडे आली, जुन्या जालन्याची, वडील कलीमभाई लोखंडाच्या कारखान्यात वजनकाट्यावर. तिसऱ्याच महिन्यात तिनं तक्ते पुढ्यात ठेवून विचारलं होतं, "मॅडम, बारा नंबरचं घर का काढलं?" मी म्हणाले, शेळ्या. ती म्हणाली, "शेळ्या तर दोन नंबरच्या घरातही लिहिल्यात." मी म्हणाले, अंबरीन, आधी वाचायला शिक, मग विचारायला. असं म्हणाले मी. माझी आई नाल्यापलीकडे निरोप द्यायला कधी गेली नाही, एवढंच कारण होतं. आई वाईट नव्हती. तिचा निरोप नाल्यापर्यंत जायचा आणि वळायचा, आणि माझ्याही ते कधी मनात आलं नाही.

कॉलेजच्या फाटकाशी कलीमभाई उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात मिठाईचा मोठा डबा. "मॅडम, रातभर बिलकुल झोप न्हाई लागली," म्हणाले. "पंधरा तारखेला तिची मुलाखत हाय. डिग्री हातात असली की बराबर काम होतं म्हणतेत." मला माहीत होतं. प्राध्यापकाची जागा, सहा वर्षांनी निघालेली, आणि शिफारस मीच केली होती. अंबरीनच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण म्हणजे माझे अकरा उन्हाळे. त्यावर तिनं चार वर्षं प्रयोगशाळेत कोषातल्या अळ्यांचं पाणी मोजलं, एकेक, केसाचं वजन दाखवणाऱ्या तराजूवर. तिचं मोजमाप खरं होतं. पण ते ज्या प्रश्नाचं उत्तर होतं तो प्रश्नच नव्हता. जिना चढताना मी हिशेब करत होते की गप्प राहिले तर काय होईल. काहीच नाही. आता गावात निम्म्या घरांत फरशी आली, कोणी पुन्हा मोजायला जाणार नाही. पिसवांचं कोणाला पडलंय? अंबरीनला नोकरी लागेल, कलीमभाई डबा उघडतील, मी तीन वर्षांनी निवृत्त होईन. चुकीचं वाक्य एका मासिकात पडून राहील. गप्प राहणं इतकं सोपं होतं की मला भीती वाटली.

हॉलमध्ये पंखे गरगरत होते. बाहेरून आलेले परीक्षक, साठीतले, मऊ बोलणारे, पहिल्या रांगेत. मागच्या बाकावर मी काकूंना बसवलं, शेजारी कलीमभाई, मध्ये मिठाईचा डबा. अंबरीन हिरव्या ओढणीत उभी होती. तिनं चांगलं सांगितलं. पोरगी माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मला चार वर्षांपासून माहीत आहे आणि मी तिला एकदाही सांगितलेलं नाही. मला तिचे शब्द ऐकू येत होते आणि त्यांच्यामागे शेणात पाणी कालवल्याचा आवाज. अकरा बाया, एका ओळीत अकरा घरं, संध्याकाळी, पदर खोचून, मागे मागे सरकत. परीक्षकांनी विचारलं, "उन्हाळ्यात जमिनीवर एकही अळी न मिळणं, हे इतकं स्वच्छ उत्तर निसर्गात सहसा मिळत नाही. तुम्हाला कधी शंका आली?" अंबरीननं माझ्याकडे पाहिलं. फार थोडा वेळ. मग म्हणाली, "मॅडमच्या नोंदी अकरा वर्षांच्या आहेत, सर." तिनं 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही. परीक्षकांनी मान डोलावली, कागद एकत्र केले आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, मार्गदर्शकांनी दोन शब्द बोलावेत.

मी उठले. दोन शब्द मी आठ दिवसांपूर्वीच लिहून ठेवले होते, कष्टाळू, जिज्ञासू वगैरे. कागद हातात होता. मी मागच्या बाकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "काकू, मी उन्हाळ्यात गावाला येणार म्हटलं की आदल्या दिवशी तुम्ही काय करायच्या?" सगळ्यांनी वळून पाहिलं. काकू गांगरल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, काळा चष्मा नीट केला. इतकी शिकलेली माणसं, पंखे, माईक, आणि लेक सगळ्यांसमोर विचारतेय की तुम्ही माझ्यासाठी घर स्वच्छ केलं होतं का, म्हणजे एरवी ते घाण होतं का. त्यांना नेमकं काय वाटलं असेल ते मला त्यांच्या ओठांवरून दिसलं. "काय करणार?" त्या म्हणाल्या. "काहीच न्हाई. तू काय पाव्हणी व्हतीस व्हय? घर जसं व्हतं तसंच ऱ्हायचं." हॉलमध्ये लोक हसले, प्रेमानं. परीक्षकही हसले, म्हणाले, छान, आणि कागदावर सही करायला पेन उघडलं.

सुटका अशी समोर येऊन उभी राहते हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं होतं, साक्षीदारानं नाही म्हटलं, आता मी काय करणार? मी हातातला कागद उलगडला, कष्टाळू, जिज्ञासू. त्या क्षणात मी खोटी होते, पुरती. मग अंबरीनकडे लक्ष गेलं. ती हसत नव्हती. ती प्रबंधाची मागची पानं उलटत होती, परिशिष्टाची, आणि एका पानावर थांबली होती. तिथं काय आहे ते मला माहीत होतं. बारा नंबरचं घर तिनं परिशिष्टात ठेवलं होतं, मी दोनदा काढ म्हटलं तरी.

"काकू माझी लाज राखतायत," मी म्हणाले. "आदल्या संध्याकाळी अकरा घरं सारवली जायची. मी येणार म्हणून. दर उन्हाळ्याला. सर, माझं शून्य हे आदल्या दिवशीच्या सारवणाचं आहे. थांबा वगैरे काही नाही. हे मला आज सव्वाअकरा वाजता कळलं, पण ते मला अकरा उन्हाळ्यांत कधीतरी कळायला हवं होतं." परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. ते नीट लागलं नाही, त्यांनी पुन्हा लावलं. अंबरीन म्हणाली, "मी विचारलं होतं, मॅडम." आवाज बारीक होता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. मी म्हणाले, हो, विचारलं होतंस. "तुम्ही शेळ्या म्हणालात." मी म्हणाले, हो. तिचे डोळे भरले आणि तिनं ते पुसले नाहीत, माझ्याकडे तसंच बघत राहिली, आणि मला वाटलं ही मला कधी माफ करणार नाही, आणि करू नये.

प्रबंध परत आला. पहिलं प्रकरण काढून, जमिनीवरच्या नोंदी नव्यानं घेऊन, सहा महिन्यांत पुन्हा सादर करावा. पंधरा तारीख हातची गेली. परीक्षकांनी जाताना मला नमस्कार केला, तोही जरा लांबून. कलीमभाईंनी मिठाईचा डबा उघडला नाही, तसाच काखेत धरून ते मुलीच्या मागे जिना उतरले. दारात त्यांनी एकदा वळून पाहिलं, म्हणाले, "खुदा हाफिज, मॅडम," आणि त्यात राग नव्हता म्हणून मला ते सहन झालं नाही. अंबरीननं टेबलावर एक चिठ्ठी ठेवली होती, गावात मातीची जमीन राहिलेल्या घरांची यादी. सहा नावं. ती यादी आज केलेली नव्हती, शाई जुनी होती. पहिलं नाव चाँदबी.

डॉक्टरांकडे जाताना ऑटोत काकू म्हणाल्या, "मी सांभाळून घेतलं व्हतं तुला. कशापायी बोललीस?" मी म्हणाले, काकू, तुम्ही फार सारवलंत माझ्यासाठी. "मंग? आमची लेक व्हतीस," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून कागदात बांधलेल्या दोन भाकरी काढून माझ्या हातात दिल्या, सकाळी द्यायच्या राहिल्या होत्या. दवाखान्याशी उतरताना त्यांनी माझा दंड धरला. "आता मे महिन्यात येशीलच की. कधी येऊन राह्यलीस? कौसा येणार म्हून सांगून ठिवते गल्लीतल्या शालूला आन् समद्यांला." मी म्हणाले, नका सांगू, काकू. मी सांगून येणार नाही आता.

त्या पायरीवरच थांबल्या. काळ्या चष्म्यामागे डोळे दिसत नव्हते, पण तोंड एकदम म्हातारं झालं. "न सांगता?" त्या म्हणाल्या. "न सांगता तर परकी माणसं येतात, कौसे."